समुद्र घरी आणण्यापूर्वी

गोड्या पाण्यातले मासे घरी पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी, तळाशी रंगीत खडे, हवेचे बुडबुडे सोडणारे एक लहानसे यंत्र आणि पाण्यात गप्पी, मॉली, एंजल किंवा गोल्डफिश, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. पण एखाद्या मोठ्या मत्स्यालयात खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर उभे राहिले की हे समाधान डळमळू लागते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा विदूषक मासा, हळदीसारखा पिवळाधमक टँग, खडकाच्या कपारीतून मिशा हलवणारी कोळंबी आणि या सर्वांच्या मागे वाऱ्यावर पीक डुलावे तशी डुलणारी मऊ प्रवाळे पाहून मनात सहज प्रश्न येतो, हे आपल्या घरी का असू नये?

असू शकते. जगातल्या अनेक देशांत लोकांनी घरोघरी अशा टाक्या उभ्या केल्या आहेत. परंतु गोड्या पाण्याच्या पेटीचा अनुभव येथे फारसा कामी येत नाही. नदीतल्या किंवा तळ्यातल्या माशाला ऋतूंचे चढउतार अंगवळणी पडलेले असतात. पावसाळ्यातला गढूळपणा आणि चैत्र-वैशाखातले तापलेले पाणी दोन्ही तो सोसतो. प्रवाळांच्या परिसरातले पाणी मात्र बारा महिने जवळजवळ एकसारखे असते. तिथल्या जिवांना बदलाची सवयच नसते. म्हणून समुद्र घरी आणायचा म्हणजे त्याचे स्थैर्य घरी आणायचे, आणि ही वस्तू कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. ती महिनोन्महिने जमवावी लागते. या छंदातले जुनेजाणते लोक म्हणतात, की आपण पाळतो ते पाणी. मासे त्यात राहायला येतात. हे पाणी कसे पाळायचे आणि त्यात राहायला कोणाला बोलवायचे, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

थोडा इतिहास

या छंदाला सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी निसर्गाचे अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय घरांत समुद्री प्राणी ठेवण्याची लाटच उसळली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून साध्या पाण्यात क्षार मिसळून समुद्रजल तयार करण्याची कृती गॉस यांनी त्याच सुमारास जाहीर केली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम समुद्री मिठामागे तीच कल्पना आहे.

या लाटेची दुसरी बाजू त्यांच्याच मुलाने लिहून ठेवली आहे. सरोजिनी नायडूंच्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ या १९१२ सालच्या काव्यसंग्रहाला प्रस्तावना लिहिणारे समीक्षक म्हणून एडमंड गॉस हे नाव वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. ‘फादर अँड सन’ या १९०७ सालच्या आत्मकथनात ते सांगतात, की बालपणी वडिलांबरोबर हिंडताना डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी त्यांनी जिवांनी गजबजलेली पाहिली होती. पुढे हौशी संग्राहकांच्या झुंडींनी ती ओरबाडून रिकामी केली. ज्या पुस्तकांनी लोकांना समुद्राची गोडी लावली, त्याच पुस्तकांमुळे किनारा उजाड झाला, याचे त्या पित्याला फार दुःख झाले. हा प्रसंग येथे मुद्दाम सांगितला. समुद्रावरच्या प्रेमापोटी समुद्रच लुटला जाण्याचा धोका या छंदाला जन्मापासून चिकटलेला आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

प्रवाळांसह टाकी ठेवण्याचे तंत्र बरेच अलीकडचे. इंडोनेशियातील जकार्ता येथे राहणारे ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या आपल्या नैसर्गिक पद्धतीचे वर्णन १९६१ साली प्रसिद्ध केले. जिवंत खडक म्हणजे ज्याच्या छिद्राछिद्रांत सूक्ष्म जीव वस्ती करून राहिले आहेत असा खडक. त्यानंतर युरोपातल्या, विशेषतः जर्मनीतल्या छंदिष्टांनी या पद्धतीला पंप, तीव्र प्रकाश आणि फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. आजची घरगुती प्रवाळ-टाकी त्यातूनच घडली.

टाकी आणि तिचे ओझे

नवशिक्याला वाटते, लहान टाकी सोपी. प्रत्यक्षात उलट आहे. घागरीत चिमूटभर मीठ पडले तरी चव बदलते. विहिरीत पसाभर पडले तरी कळत नाही. पाणी जितके अधिक तितके त्याचे तापमान, खारेपणा आणि शुद्धता सावकाश बदलते, आणि चूक सावरायला अवधी मिळतो. म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी सुरुवातीला योग्य ठरते. तिचे आकारमान नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर भरते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी दोनशे लिटरच्या आसपास राहते.

पाणी, काच, खडक आणि वाळू मिळून हे ओझे तीनशे किलोंच्या वर जाते. चार-पाच धडधाकट माणसे एकाच जागी रात्रंदिवस उभी आहेत असे समजावे. तेव्हा मांडणी भक्कम हवी आणि तंतोतंत समतल हवी. टाकी खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. पाणी तापते आणि शेवाळ माजते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते, म्हणून प्रत्येक वायरीला बटणापाशी पोहोचण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोलाच्या टोकाला गळून पडतो, बटणात शिरत नाही. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे साधन त्या जोडणीवर असणेही आवश्यक आहे.

खारे पाणी म्हणजे मिठाचे पाणी नव्हे

स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात विरघळवले की समुद्र होत नाही. याचे कारण आपल्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत पाहायला मिळते. वाफ्यातले समुद्राचे पाणी उन्हाने आटू लागले की चुन्याचे क्षार आधी खाली बसतात. मग मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियमचे कडवट क्षार मात्र उरलेल्या पाण्यात राहतात आणि त्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणजे मीठ ही समुद्रातून निवडून काढलेली एकच वस्तू झाली. प्रवाळाला, शिंपल्याला, माशाला लागतो तो सगळा समुद्र. म्हणून मत्स्यालयासाठी मुद्दाम तयार केलेले, सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले मीठ वापरावे लागते. ते लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागते. आपल्या टाकीला सात-साडेसात किलो.

मग मुंबई-कोकणच्या लोकांनी सरळ समुद्राचेच पाणी का आणू नये? आपल्या किनाऱ्यालगतचे पाणी खाड्यांच्या गाळाने गढूळ असते, शहरांजवळ त्यात सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुराने त्याचा खारेपणा उतरतो. प्रवाळांना लागणारे पाणी निवळशंख आणि स्थिर असते. म्हणून घरी तयार केलेले पाणी अधिक भरवशाचे. मीठ मिसळायचे साधे पाणीही शुद्ध हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि नळ्यांतून उतरणारे तांबे समुद्री जिवांना घातक ठरते. कोळंबी, शंख, प्रवाळ यांना तर तांब्याचा अंशही सोसत नाही. म्हणून आर.ओ. यंत्रातून काढून नंतर उरलेले क्षारही गाळून घेतलेले पाणी वापरतात. मीठ विरघळवून हे पाणी चोवीस तास पंपाने ढवळत ठेवावे आणि मगच टाकीत घालावे. त्याची घनता १.०२५ ते १.०२६ असावी. ती मोजायला प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारे एक हातात मावणारे उपकरण मिळते.

येथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते. ते भरून काढताना पुष्कळ जण पुन्हा खारे पाणी घालतात. पण उडते ते पाणी. मीठ टाकीतच राहते. दोनशे लिटरमधून रोज दोन लिटर पाणी उडाले आणि कोणी लक्ष दिले नाही, तर दहा दिवसांत १८० लिटर उरेल आणि लिटरमागे ३५ ग्रॅम असलेला खारेपणा जवळजवळ ३९ वर जाईल. त्यात पुन्हा खारे पाणी ओतले तर काय होईल ते सांगायला नको. पातळी भरायची ती नेहमी साध्या शुद्ध पाण्याने, आणि तीही रोजच्या रोज.

न दिसणारे पाहुणे

टाकी भरली, पंप सुरू झाला, पाणी स्वच्छ दिसू लागले की मालकाला मासे आणण्याची घाई होते. बहुतेक टाक्या याच आठवड्यात बिघडतात. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. समुद्राचे पाणी थोडे अल्कधर्मी असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा येथे तो अधिक विषारी ठरतो. समुद्रात त्याची विल्हेवाट जीवाणू लावतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. खडकाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा छिद्रांत, तिसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडून देतात.

नव्या टाकीत यांपैकी कोणीच नसते. त्यांना आधी वसवावे लागते. त्यासाठी बाजारातून आणलेली एक कोळंबी रिकाम्या टाकीत कुजू द्यावी, किंवा मोजून थोडा अमोनिया घालावा, आणि चाचणीच्या साहित्याने दोन-तीन दिवसांआड पाणी तपासावे. प्रथम अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी तेही उतरते. दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच टिकले, की घर नांदते झाले असे समजावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कोरड्या खडकापासून सुरुवात केली तर त्याहूनही अधिक. या काळात टाकीत पाहण्यासारखे काहीच नसते. नंतरही काही दिवस वाळूवर तपकिरी साय धरते, काचेवर हिरवे शेवाळ येते, आणि घरातली माणसे विचारू लागतात, याचसाठी का एवढा खर्च केला? पुष्कळांचा धीर येथे सुटतो. पण तपकिरी साय आणि शेवाळ आपापल्या क्रमाने ओसरतात, आणि खडकात चुनखडी शेवाळाचे बीज असेल तर त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके उमटू लागतात. पाणी स्थिरावत असल्याची ती खूण असते.

जीवाणूंच्या हाताखाली एक यंत्रही काम करते. समुद्रकिनारी, विशेषतः पावसाळ्यात, लाटांबरोबर पिवळसर फेस येऊन पडलेला आपण पाहतो. पाण्यातले काही सेंद्रिय पदार्थ बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्याचा तो फेस. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर आलेली मळी काढून टाकतात, त्याचप्रमाणे हे यंत्र टाकीतल्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडून मळ फेसाबरोबर वर आणते आणि एका वाटीत गोळा करते. मळ कुजून अमोनिया होण्याआधीच तो बाहेर पडतो. याशिवाय दर एक-दोन आठवड्यांनी दहावा हिस्सा पाणी बदलणे हा नेम कधी चुकवू नये.

ऊन, उकाडा आणि वीज

पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. थंड देशांतल्या छंदिष्टाला पाणी गरम करण्याची चिंता असते. आपल्याला ते थंड ठेवण्याची. पंप आणि दिवे यांचीही उष्णता पाण्यात उतरते. पृष्ठभागावर पंखा सोडला तर पाणी उडते आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. पण माठातले पाणी नागपुरात जसे गार होते तसे मुंबईच्या दमट हवेत होत नाही, हे आपण जाणतो. पंख्याचेही तसेच आहे. किनारपट्टीवर बहुधा पाणी थंड करणारे यंत्र घ्यावेच लागते. टाकी घेण्याआधी हा खर्च आणि त्याचे विजेचे बिल यांचा हिशेब करावा.

वीज गेली तर? पंप थांबतो, पाण्याची हालचाल थांबते आणि काही तासांत प्राणवायू कमी पडू लागतो. मासे त्यानेच मरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ही स्वस्त वस्तू म्हणूनच टाकीजवळ कायम असावी.

प्रवाळ म्हणजे काय

प्रवाळ हा शब्द आपल्याला नवरत्नांतल्या पोवळ्यामुळे आणि वैद्यांच्या प्रवाळभस्मामुळे परिचित आहे. अंगठीतले लाल पोवळे म्हणजे समुद्रतळावरच्या एका प्राण्याचा सांगाडा. प्रवाळभित्ती बांधणारे प्राणी त्यांचे दूरचे नातलग. एकेक प्राणी लहानशा फुलासारखा. मध्ये तोंड, भोवती शुंडके. अंगातून तो चुन्याचा सांगाडा स्रवतो, आणि अशा असंख्य सांगाड्यांचे थर चढून भित्ती होते. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्राण्याच्या पोटी शेती चालावी असा हा प्रकार आहे.

यावरून प्रवाळाला काय लागते ते आपोआप कळते. पोटातल्या शेतीसाठी रोज आठ-दहा तास तीव्र, निळसर प्रकाश लागतो. खोल पाण्यात निळा रंगच अधिक पोहोचतो म्हणून तो निळसर. जागचे हलता येत नसल्यामुळे अन्न आणून देणारा आणि मळ वाहून नेणारा जोरदार प्रवाह लागतो. आणि सांगाड्यासाठी पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पुरेसे कार्बोनेट सतत असावे लागते. वाढते प्रवाळ हे साठे भराभर संपवतात. ते भरून काढण्याची एक जुनी युक्ती आपल्या परिचयाची वाटेल: चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात ढवळून, गाळ बसू देऊन, वरची निवळ रात्रभर थेंब थेंब टाकीत सोडतात. उडालेल्या पाण्याची भरपाईही तिनेच होते. निवळी तीव्र अल्कधर्मी असल्याने एकदम ओतली तर मात्र टाकीचा नाश ठरलेला.

पाणी तीस अंशांच्या वर काही दिवस राहिले, तर हे प्राणी आपल्या पोटातले शैवाल बाहेर टाकतात. त्यांचा रंग जातो आणि पांढरा सांगाडा पारदर्शक अंगातून दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. लवकर गारवा मिळाला तर ते सावरतात; नाही तर उपासमारीने मरतात. खऱ्या समुद्रात हेच घडते आहे. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी भित्ती पांढरी पडते. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली हा तडाखा सोसला, आणि २०२४ साली पुन्हा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगव्यापी विरंजनाची चौथी लाट आल्याचे जाहीर केले. घरातला तापमापक रोज पाहणाऱ्या माणसाला एका अंशाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कोणाला बोलवावे

आता दुसरा प्रश्न. आपल्या देशात त्याचे अर्धे उत्तर कायद्याने दिलेले आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडे आणि महाकाय शिंपलेही त्यात आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही आपली मुख्य प्रवाळक्षेत्रे. महाराष्ट्रात मालवणजवळ लहान वस्त्या आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. यांतले प्रवाळ, अगदी मेलेला तुकडासुद्धा, उचलणे, विकणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. दुकानदार आडून दाखवत असला तरी तो घेऊ नये. ज्या देशांत कायदा परवानगी देतो तिथले छंदिष्ट आता बहुधा एकमेकांच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाची फांदी कापून नवे रोप लावतात. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनीही तोच मार्ग धरावा.

मग येथे टाकीत काय ठेवायचे? कृत्रिम किंवा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र खडक घ्यावा. जीवाणूंना घर हवे असते, त्याचा जन्म कुठला हे ते पाहत नाहीत. त्यावर शेवाळ खाणारे काही शंख आणि एखाद-दुसरी कोळंबी सोडावी. आणि मासे थोडे, लहान, आणि माणसाच्या देखरेखीत जन्मलेले असावेत. दोनशे लिटरला चार-पाच पुरे.

माणसाच्या देखरेखीत जन्मलेले, असे म्हणण्याला कारण आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत वाढवलेले असतात. समुद्री शोभेच्या माशांच्या बहुतांश जाती मात्र अजून समुद्रातूनच पकडून आणतात. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइडचे पाणी कपारीत फवारून मासे गुंगवून पकडण्याची चाल पडली. त्यात न पकडलेले मासे आणि आजूबाजूचे प्रवाळही मरतात, आणि पकडलेला मासा दिसायला धड असला तरी पुढे फार दिवस जगेल याचा भरवसा नसतो. डेव्हनच्या डबक्यांची कथा येथे अधिक भीषण रूपात पुन्हा घडली.

यावर खरा उतारा म्हणजे समुद्री माशांची पैदास. विदूषक मासा या बाबतीत सोयीचा. तो खडकाला चिकटवून अंडी घालतो. नर त्यांना वारा घालत राखण करतो आणि आठवड्याभरात पिले बाहेर येतात. त्यांना सुरुवातीला अतिसूक्ष्म जिवंत खाद्य लागते, तेवढे साधले की काम होते. आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने या माशाच्या अनेक जातींच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, आणि नवी मुंबईत ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या पुढाकाराने अशा माशांचे बीजोत्पादन केंद्र उभे राहिले. असा मासा जन्मापासून टाकीलाच सरावलेला असतो. त्याला समुद्रफुलाची गरजही नाही. त्यावाचून तो आनंदाने राहतो. नीट सांभाळला तर वीस वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. त्याच्या संसाराची रीतही विलक्षण आहे. सर्व पिले आधी नर होतात. गटातला सर्वांत मोठा नर पुढे मादी बनतो. मादी मेली तर तिचा जोडीदारच मादी होतो आणि खालचा नर त्याची जागा घेतो. दोन लहान पिले एकत्र आणली की जोडी आपोआप जमते.

काही मासे दिसायला कितीही सुंदर असले तरी टाळावे. मँडरिन हा मोरपंखी रंगाचा मासा जवळजवळ केवळ जिवंत सूक्ष्म कवचधारी जीव खातो. नव्या टाकीत ते नसतात, आणि मासा डोळ्यांदेखत उपाशी मरतो. टँग रोज लांब पल्ले पोहणारा, चार फुटांत त्याला कोंडणे बरे नव्हे. दुकानदार ‘राहील’ म्हणतो तेव्हा तो किती दिवस राहील हे विचारावे.

नवा मासा थेट टाकीत सोडू नये. आधी वेगळ्या साध्या टाकीत त्याला चार आठवडे ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून टाकी दोन-अडीच महिने रिकामी ठेवण्याची पाळी येते. कारण त्यावरचे तांब्याचे औषध शंख-कोळंबी असलेल्या टाकीत घालता येत नाही. एका वेळी एक किंवा एक जोडी आणावी, आणि पुढची भर तीन-चार आठवड्यांनी घालावी, म्हणजे जीवाणूंनाही वाढलेल्या कामाशी जुळवून घेता येते. खाणे थोडे द्यावे. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच.

असा हिशेब केला तर पहिला मासा यायला दोन-तीन महिने लागतात, आणि टाकी भरल्यासारखी दिसायला वर्ष. एवढा वेळ ज्याला देता येत नाही त्याने हा छंद घेऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. कारण येथे अधीरपणाची किंमत पाळणारा देत नाही, मासा देतो. ज्याला तो वेळ आहे त्याने एक वही घालावी. तारीख, तापमान, घनता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, असे रकाने आखावेत आणि टाकी रिकामी असल्यापासून ते भरावेत. आणि प्रत्येक माशाच्या नावापुढे आणखी एक रकाना ठेवावा: हा कुठून आला. दुकानात त्याचे उत्तर मिळाले नाही तर ती जागा, आणि टाकीतली त्या माशाची जागा, रिकामी राहू द्यावी.